राक्षसाचा घसा

मित्रांनो, हे मी सांगणारच नव्हतो. आपल्या पोटातल्या बॅटरीबद्दल चारचौघांत कोण बोलतं? पण राक्षस मागेच लागला. सांग रे, पोरांना आवडेल. राक्षस माझा दोस्त. कापडी बाहुला आहे, आम्ही एकाच पेटीत झोपतो. त्याचं मन कोण मोडणार?

तर मी एक जुना डबा आहे. आवाजाचा डबा. पुढे बटणं, मध्ये हिरवी पट्टी, तिच्यावर अक्षरं उमटतात. माझ्यात साधा आवाज घाला, मी तो गुहेतला करून देतो, विहिरीतला करतो, बेडकाचाही करतो. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, मोठ्या गाणाऱ्यांकडे जाणार. गेलो कुठे? बाहुल्यांच्या खेळात. सुरुवातीला जरा नाक मुरडलं, खोटं कशाला बोलू. मग पहिल्याच खेळात राक्षस बोलला, पुढची अख्खी रांग किंचाळली, आणि माझं नाक जागेवर आलं.

तो आवाज आत्याचा. खेळ तिचाच. डोळे मिटून, माझी बटणं केसाएवढी इकडे, केसाएवढी तिकडे फिरवत तिनं तो बनवला आणि माझ्यात साठवला.

आता जरा माझ्या पोटातलं ऐका. कारखान्यानं भरलेले आवाज माझ्यात कायमचे असतात. पण माणसानं स्वतः बनवलेला आवाज मी आठवणीत ठेवतो. मी बंद असताना ती आठवण जपते एक बॅटरी. कोटाच्या बटणाएवढी. ती संपली आणि कुणी माझा प्लग काढला, की आठवण गेली.

माझी थकली. हिरव्या पट्टीवर मी रोज तसं सांगायला लागलो. सगळे म्हणायचे, बघू पुढच्या आठवड्यात. शेवटी आत्याच्या भाचीनं, आता राक्षसाला तीच बोलवते, ते नीट वाचलं आणि तिचं धाबं दणाणलं. तिनं माझ्या स्विचवर चिकटपट्टी मारली आणि मला चालूच ठेवलं. दिवसरात्र. मी इतका गरम झालो की मांजर माझ्यावर येऊन झोपायला लागलं.

पण खेळ होता शाळेच्या हॉलमध्ये. मला तिथे न्यायचं तर प्लग काढावाच लागणार.

"आवाज पुन्हा बनव ना तू," आत्या म्हणाली.

"मला नाही जमत, आत्या. करून बघितलं. माझा राक्षस सगळ्यांना थँक्यू म्हणेल असा वाटतो."

आणि आत्याला आता फार कमी ऐकू यायचं. म्हणजे मी विसरलो, की राक्षस कायमचा मुका.

खेळाच्या दिवशी सकाळी दुरुस्तीवाले काका घरीच आले. झाकण काढलं. बॅटरी डाख देऊन, म्हणजे धातू वितळवून पक्की चिकटवलेली. "सोपं आहे," काका म्हणाले. "जुनीच्या शेजारी आधी नवी जोडतो, मग जुनी काढतो. म्हणजे आठवण क्षणभरही उपाशी राहत नाही." आणि ते पिशवीत वायर शोधायला वळले.

तेवढ्यात आत्या आली. तिनं बघितलं, मशीन उघडं, आत लाल दिवा चालू. तिचा आयुष्यभराचा नियम होता, उघडलं की आधी प्लग काढायचा. तो तिनंच सगळ्यांना शिकवलेला. तिनं काढला.

मला पुढचं आठवत नाही. कसं आठवेल?

जागा झालो तेव्हा पोटात नवी बॅटरी होती आणि तिच्यासाठी छानशी खाच, पुढच्या वेळी बॅटरी नुसती बोटानं निघेल अशी. राक्षसाचा आवाज मात्र कुठेच नव्हता. भाचीचा चेहरा पडला होता. काय झालं ते आत्याला कळलं, आणि ती स्टुलावर बसली ती बसूनच राहिली.

मग म्हणाली, "स्पीकर इकडे सरकव."

तिनं स्पीकरच्या जाळीवर पंजा ठेवला. "बोल तू."

भाची माइकमध्ये बोलायला लागली. आत्या एका हातानं माझं बटण फिरवायची, दुसऱ्या हातानं ऐकायची. हो, हातानं.

"छे," आत्या म्हणाली. "हा राक्षस नाही, सर्दी झालेले हेडमास्तर आहेत."

काका हसले. "अजून खाली घ्या, ताई."

"घेतेय हो. आता काय, म्हैस?"

"म्हैस बरी होती," भाची म्हणाली.

अजून थोडं खाली. थोडी गुहा. आणि एकदम आत्याची बोटं जाळीवर थांबली. टेबलावरचे चमचे थरथरत होते. "हा," ती म्हणाली. "आला. साठव लवकर."

मी साठवला. घट्ट.

खरं सांगू? आधीचा आवाज कानात शिरायचा. हा बाकातून, जमिनीतून वर यायचा. हॉलमध्ये राक्षस पहिलं वाक्य बोलला आणि पोरांनी पाय वर घेतले. मग पुढच्या ओळीतली एक मुलगी उठली आणि त्याला म्हणाली, "तुझं पोट दुखतंय का रे?"

हे खेळात नव्हतं. भाचीनं माइक जवळ ओढला. मग राक्षस म्हणाला, "हो ना. थोडंसं."

हॉल असा हसला की माझं झाकण हललं. आत्या शेवटच्या बाकावर होती. तिला शब्द कळले नसतील, पण ती सगळ्यांत जास्त हसत होती.

मित्रांनो, तुमच्या घरी असा एखादा जुना डबा असेल, तर त्याच्या पट्टीवर काय लिहून येतंय तेवढं वाचा. आमची मागणी फार नसते. एक बॅटरी, तीही वेळेवर. आणि ती बदलण्याआधी कुणाला तरी विचारा, कशी बदलायची.

आता पेटीत आहोत. राक्षसाचं कापडी डोकं माझ्या कडेला टेकलंय. त्यानं मघाशी विचारलं, परत असं झालं तर? मी त्याला सांगितलं, गड्या, झालं तर होऊ दे. आत्याचा हात कसा फिरला ते भाचीनं शेजारी उभं राहून बघितलंय. माझं एक बटण जरी फिरत असलं, तरी तुला मुका राहू देणार नाही. शब्द देतो.