एका कानाचा डबा

मी एक जुना ऑडिओ इंटरफेस आहे. नाव अवघड, पण काम सोपे. मायक्रोफोनमधून आलेल्या आवाजाचे संगणकाला कळतील असे आकडे करायचे आणि तारेतून पुढे पाठवायचे. मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगतो. माझ्या आत काहीही साठत नाही.

मला सेमिसीने निवडले. तेव्हा तो ऑकलंडमध्ये एका भाड्याच्या खोलीत राहत होता आणि एकटाच गात असे. माझ्यात तार जोडायला एक जागा मायक्रोफोनला, एक गिटारला. नवशिक्याला एवढे पुष्कळ, असा त्याचा हिशेब होता आणि त्या खोलीपुरता तो बरोबरही होता. मग तो मला घेऊन टोंगाला, आपल्या लिफुका बेटावर परतला. तिथे एकटे कुणीच गात नाही.

त्याच्या दोन मावश्या, लुसेआने आणि तोआकासे, एकाच ओंडक्याच्या दोन बाजूंना बसून झाडाची साल कुटत. त्या सालीचे कापड होई. एकीची मोगरी उचलली की दुसरीची पडे आणि एकीचा श्वास संपे तिथे दुसरीचा शब्द सुरू होई. त्यांच्या आईचे ते कुटण्याचे गाणे आता त्या दोघींनाच येत होते. ते नातींसाठी उरावे म्हणून सेमिसीने मला ओंडक्याजवळ ठेवले.

"आधी नुसती चाचणी," तो म्हणाला. "थोडंसंच गा."

थोडेसे गाण्याची तिथे रीत नाही. साल रुंद होईपर्यंत गाणे थांबत नाही. त्या पूर्ण गायल्या. सेमिसी माझा दिवा पाहत होता. मोगरी पडली की दिवा लाल होई आणि तो माझी कळ फिरवून आवाज कमी करी. संगणकावरचे रेकॉर्डिंगचे बटण त्याने दाबलेच नव्हते. चाचणीच तर होती.

"जेवला का तुझा डबा पोटभर?" लुसेआनेने विचारले.

सेमिसी म्हणाला, ठोक्यांत आवाज बुडतात, प्रत्येकीला वेगळा मायक्रोफोन हवा आणि याला तर मायक्रोफोनची एकच जागा आहे.

"म्हणजे एकाच कानाचा आणलास होय रे?" तोआकासे हसली. "आम्ही दोघी आहोत, हे मावशीला आधी विचारायचंस."

त्याने दोन मायक्रोफोनचा इंटरफेस मागवला आणि बोटीची वाट पाहत राहिला. खरे तर दोघींच्या मध्ये एक मायक्रोफोन पुरला असता. मला बोलता येत नव्हते.

बोट येण्याआधी लुसेआने गेली. तापाचे निमित्त झाले.

नवा डबा आला. सेमिसीने सवयीने दोन्ही मायक्रोफोन लावले. तोआकासे ओंडक्याशी बसली. तिने एक ठोका दिला आणि पुढच्या ठोक्याची जागा मोकळी सोडली. पुन्हा ठोका, पुन्हा मोकळी जागा. दुसऱ्या मायक्रोफोनचा दिवा लागलाच नाही. तिने मोगरी खाली ठेवली.

"अर्धं गाणं आहे हे, बाळा," ती म्हणाली. "पोरींना अर्धं कसं शिकवू?"

आता मी फळीवर आहे. खाऱ्या वाऱ्याने माझी कळ घट्ट झाली आहे. ते गाणे एकदा पूर्ण माझ्यातून गेले, आणि माझ्याजवळ त्याचा एक सूरही नाही.

मित्रांनो, चांगले यंत्र जरूर निवडा. पण माणूस समोर बसून गात असेल, तर हाताशी असेल त्यानेच ते टिपून घ्या. चाचणी असली तरी बटण आधी दाबा. यंत्र पुढच्या बोटीने येते.