ग्रे हेरनच्या अंगणातली वाट

बाबा हॉस्पिटलात असताना डेरेक प्रोबर्टनं पबची कुलपं बदलली. 'ग्रे हेरन' गावात तीनशे वर्षं उभा आहे. त्यातली एकतीस वर्षं तो बाबांनी चालवला. वरच्या मजल्यावरच आमचं घर. इमारतीची मालक असलेल्या बीअर कंपनीनं ती डेरेकला विकली आणि त्याला पब बंद करून मागच्या अंगणात तीन घरं बांधायची होती.

बाबा नवव्या दिवशी गेले. शेवटपर्यंत स्वतःचा पलंग मागत होते. मी रडले नाही. लायब्ररीत जाऊन कायद्याची पुस्तकं वाचत बसले.

अंगणातून चर्चकडे पायवाट जाते. डेरेकनं तिच्यावर फाटक बसवलं होतं. दफनाच्या दिवशी मी शवपेटी त्याच वाटेनं न्यायला सांगितली.

डेरेक फाटकाशी उभाच होता. "हेस्टर, रस्त्यानं जा. ही खाजगी जागा आहे."

पेटीला खांदा दिलेले म्हातारे सिरिल म्हणाले, "मढं जातं ती वाट कायमची खुली होते, बाळा. आजीनं शिकवलं नाही तुला?"

डेरेक खो खो हसला. "सिरिलकाका, कुठल्या जमान्यात राहता? असला कायदाच नाही!"

"नाहीच," मी म्हणाले. "पण लोक जातात ना इथून?"

"जातात की! मी स्वतः शाळेत इथूनच जायचो. चाळीस वर्षं अख्खं गाव जातंय. एका मढ्यानं काय फरक पडतो?"

"कुणी अडवलं नाही कधी?"

"कोण अडवणार? तुझा बाप? फाटक मी लावलं, गेल्या महिन्यात."

माझ्या मागे पाद्री होते, पंचायतीच्या चिटणीसबाई होत्या, निम्मं गाव होतं. चिटणीसबाईंनी पर्समधून वही काढली.

"वीस वर्षं लोक बिनअडथळा चालले की वाटेवर त्यांचा हक्क सांगता येतो," मी म्हणाले. "हक्क सिद्ध झाला की तिच्यावर घर बांधता येत नाही. साक्षीदार हवा होता, डेरेक. तुझ्याहून चांगला कुठून आणणार?"

त्याचा चेहरा पडला. "हेस्टर, हे तू ठरवून..."

"फाटक उघड."

त्यानं उघडलं.

वाटेच्या हक्काच्या निकालाला वर्ष लागेल. पब वाचेलच असं नाही. पण खांदेकऱ्यांना मी अगदी सावकाश चालायला सांगितलं. शेवटचा माणूस जाईपर्यंत डेरेकला फाटक धरून उभं राहावं लागलं. बापाच्या दफनाला जाताना बरं वाटू नये. मला मात्र बरं वाटलं.