पुसट गालाचा पहिला क्रमांक

मी लोटन पाटलाचा फोटो बोलतोय. पाठीला डिंक, पोटाला काच आणि चारी बाजूंनी पितळी खिळे, अशा अवस्थेत बोलतोय. आवाज थोडा कोंडलेला वाटला तर समजून घ्या.

माझा जन्म पाचोऱ्याच्या एका स्टुडिओतला, १९९९ सालचा. लोटन सुरतेला कामाला निघाला होता. गाडीला वेळ होता म्हणून त्याने नवा शर्ट घालून, प्लास्टिकच्या फुलांशेजारी उभं राहून मला काढून घेतलं. आठवड्याने मी घरी पोहोचलो. लोटन मात्र आजपर्यंत घरी आलेला नाही. पत्र नाही, फोन नाही, कोणी पाहिल्याचं सांगितलं नाही.

त्याची बायको पुष्पाबाई. घरातली थोरली सून. श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा तिच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू काढायचं काम तिचं. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू टोपलीत टाकायचे. सासऱ्याचं नाव घरातली पोरं घेत, दिराचं ती घेई. नवऱ्याचं नाव बाईने उच्चारायचं नाही, असा त्या घरचा रिवाज. मग लोटनच्या पाळीला ती हळदीचं ओलं बोट माझ्या गालाला लावी आणि गप्प मूठ टाकी. सगळ्यांना कळे की ही मूठ कोणाची.

सव्वीस वर्षं, सव्वीस बोटं. फोटोच्या कागदाला ओलं सोसत नाही. आधी डावा गाल गेला, मग अर्धा डोळा. मला त्याचं कधी दुःख झालं नाही. कामात झिजणं मला चालतं.

यंदा पुतणी मयुरी, दीर पुनाभाऊची मुलगी, जळगावच्या कॉलेजातून एक जाहिरात घेऊन आली. छायाचित्र स्पर्धा, विषय 'सरता काळ', जुनी छायाचित्रंही चालतील. "मोठी आई, आठ दिवसांत परत आणते," म्हणाली. पोरीने जाहिरातीची शेवटची ओळ वाचली नव्हती. आलेली छायाचित्रं स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाच्या मालकीची होतील, असं तिथे बारीक अक्षरात छापलं होतं. माझा पहिला आक्षेप त्या बारीक अक्षरांवर आहे. ज्यांना लोकांनी वाचावंसं वाटतं ते मोठं छापतात.

परीक्षणाच्या दिवशी आम्ही टेबलावर पसरलो होतो. बंद पडलेली घड्याळं होती, गंजलेल्या सायकली होत्या, म्हाताऱ्यांचे सुरकुतलेले हात तर अकरा जणांनी पाठवले होते. परीक्षक स्वप्नील सरांनी मला उचललं आणि खिडकीपाशी नेलं.

"मॅडम, हे बघा. काळाने गिळत आणलेला माणूस! अर्धा डोळा उरलाय."

"बुरशी असेल," सुलक्षणा मॅडम म्हणाल्या.

"असू द्या. बुरशी म्हणजे काळच की!"

चहाचे कप गोळा करणारे निंबाभाऊ वाकून बघत म्हणाले, "सर, ते ओला बोटना डाग शेतस. मनी घरवाली बी देवना फोटोले आसंच करस."

"निंबाभाऊ, परीक्षक तुम्ही का आम्ही?"

"तुम्हीच, सर. मी कपवाला."

सगळे हसले आणि मला पहिला क्रमांक मिळाला. कोण, कुठला, कधीचा, यातलं काही कोणी विचारलं नाही. पोलीस चौकीत बेवारस सायकल आली तरी एवढं विचारतात.

मग मंडळाच्या सभागृहातल्या प्रदर्शनासाठी मला पुठ्ठ्यावर चिकटवलं. काच धुतली आणि ओलीच माझ्यावर ठेवून खिळे ठोकले. उरलेला चेहराही काचेला चिकटून बसला. आता ओढून काढायला गेलात तर कागद तुमच्या हातात आणि लोटन काचेवर!

कानबाईला चार दिवस उरले तेव्हा पुष्पाबाई आली. बरोबर मयुरी, डोळे रडून सुजलेले.

"हितेंद्र सर, बाबा म्हणतात यंदा फोटो नाही तर मोठ्या बाबांची मूठही नाही," मयुरी सचिवांना म्हणाली. "सव्वीस वर्षं झाली, आता पुरे, असं म्हणतात. म्हणजे ते गेले असंच धरायचं."

"नियमाबाहेर मी कसा जाऊ, ताई? अर्ज करा. फोटोतल्या व्यक्तीचं नाव?"

मयुरीने तोंड उघडलं. पुष्पाबाईने तिचा हात दाबला. मग ती स्वतःच टेबलापाशी पुढे झाली.

"लोटन," ती म्हणाली. "लोटन सुकदेव पाटील. हाऊ डाग काळना नई, भाऊ. मना बोटना शे."

हितेंद्र सरांनी नाव लिहून घेतलं. "अक्का, बैठक दिवाळीनंतर. तोवर झेरॉक्स देऊ का?"

"तुमना झेरॉक्स ठेवा तुम्हीच." ती उठली. "नाव निंघनं ना तोंडमाईन? आते आईतवारे नाव लिसनच मूठ टाकसू. पुनाभाऊले काय बोलनं ते बोलू दे."

जाताना तिने काचेवर बोट टेकवलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच ते मला लागलं नाही.

काल तो रविवार होऊन गेला. सभागृहाला दोन दिवस कुलूप होतं. तिने सगळ्यांसमोर नाव घेतलं का? दीर आडवा आला का? टोपलीत मूठ पडली का? मला इथे कोण सांगणार? माझ्याखाली 'प्रथम क्रमांक' लिहिलंय आणि छायाचित्रकार म्हणून मयुरीचं नाव आहे. लोटनचं नाव अजून त्या अर्जातच आहे.

प्रदर्शन महिनाभर खुलं आहे. बघायला याल तेव्हा माझ्यासमोर उभं राहून काळाबद्दल काही बोलू नका, हात जोडतो. तुमच्यात कोणी पाचोऱ्याकडचं असेल तर काचेजवळ या आणि एवढंच सांगा, पाटलांच्या घरी यंदा रोटाला किती मुठी पडल्या?