इंडिकेटर हाताने बंद करायचा असतो

धारला इंदूर रस्त्यावर फत्तेसिंग जगदाळेचं गॅरेज आहे. गाडीच्या वायरिंगचं काम निघालं की मनावर-सरदारपुरकडची माणसंही त्याच्याकडेच येतात. हात हलका आणि बोलणं खरं, असं लोक त्याच्याबद्दल सांगत. नवा भाग लागत नसेल तर लागत नाही म्हणणार, आपल्याला जमत नसेल तर दुसऱ्याचं नाव सुचवणार. तेवीस वर्षांत कमावलेलं हे नाव त्याला फार प्रिय होतं, आणि सगळं बिघडलं ते त्या नावाला जपण्यापायीच.

बापू पोतनीस त्याचे सर्वांत जुने गिऱ्हाईक. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, वय चौऱ्याहत्तर. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. घरात ते आणि शाळेत शिकवणारी मुलगी चारुलता. दर गुरुवारी सकाळी बापू स्वतः गाडी चालवत देवासला थोरल्या बहिणीकडे, सावित्रीबाईंकडे जात. जेवायचं, दोघांनी पत्ते खेळायचे आणि दिवेलागणीच्या आत धारला परतायचं. पत्नी गेल्यावर त्यांना माणसांत ठेवलं ते या गुरुवारांनी, असं चारुलता म्हणायची. तिला स्वतःला गाडी येत नव्हती.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी बापूंच्या गाडीचा हॉर्न वाजेना. गॅरेजमध्ये तीन गाड्या आधीच उभ्या होत्या आणि बदनावरचा एक व्यापारी पहिल्यांदाच आला होता. बापूंनी त्याला मोठ्या कौतुकाने सांगितलं की या माणसाच्या हातून आजवर काही मोडलेलं नाही. फत्तेसिंग मान खाली घालून हसला. त्याने स्टीअरिंग काढलं, हॉर्नची झिजलेली पत्ती बदलली आणि स्टीअरिंग परत बसवायला घेतलं. ते नीट बसेना. घाईत त्याने वरून हाताचा दणका दिला, तेव्हा आत कट्ट असा बारीकसा आवाज झाला.

आवाज कशाचा ते त्याला तेव्हाच कळलं. इंडिकेटरच्या दांडीच्या मुळाशी नखाएवढा प्लास्टिकचा दाता असतो. वळण संपून स्टीअरिंग सरळ व्हायला लागलं की त्याच्याबरोबर फिरणारा एक उंचवटा या दात्याला ढकलतो आणि दांडी आपली आपण मध्ये येते. इंडिकेटर बंद होतो, चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. तो दाता तुटून खाली पडला होता. नवा स्विच इंदूरहून यायला दोन दिवस लागले असते.

सांगायचं होतं ते एवढंच, की बापू, माझ्या हातून तुटलं, उद्या बसने जा. पण व्यापारी शेजारीच उभा होता आणि बापूंनी केलेली तारीफ अजून हवेत होती. फत्तेसिंगने स्टीअरिंग आवळलं, हॉर्न वाजवून दाखवला आणि गाडी देऊन टाकली. देवासहून परत आले की सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं. परत आल्यावर बापू भाऊबीजेचे अनारसे घेऊन गॅरेजवर आले. अनारसा हातात असताना ते सांगणं त्याला जमलं नाही, आणि मग दिवस जसे गेले तसं ते आणखी अवघड होत गेलं.

महिन्याभराने बापू पुन्हा आले. गाडी बाहेर उभी करून ते आत स्टुलावर बसले आणि जरा ओशाळं हसून म्हणाले,

"फत्तेसिंगा, एक विचारतो, हसू नकोस. इंडिकेटर चालूच राहतो रे हल्ली माझ्याकडून. मागचे लोक भोंगे वाजवतात तेव्हा कळतं. हा पूर्वी आपोआप बंद व्हायचा, की मीच करत होतो?"

बापूंची हयात खात्याच्या जुन्या जीपवर गेली होती. तिच्यात असं काही नव्हतं; सगळं हातानेच करावं लागे. बारा वर्षांपूर्वी ही गाडी घेतली तेव्हा दांडी आपली आपण परत येते हे कोणी त्यांना मुद्दाम दाखवलं नव्हतं. कानही मंदावले होते, त्यामुळे टिकटिक ऐकू येत नसे. आता ते खरोखरच विचारत होते, आणि ज्याला विचारत होते त्याच्यावर त्यांचा पूर्ण भरवसा होता.

फत्तेसिंग होल्डरमध्ये बल्ब बसवत होता. त्याने मान वर केली नाही.

"इंडिकेटर हाताने बंद करायचा असतो, बापू," तो म्हणाला. "थोडं ध्यान ठेवायचं, बस."

बापूंनी मान डोलावली. "वय झालं," असं म्हणून ते उठले. तुटलेला दाता हा अपघात होता, पण हे वाक्य अपघात नव्हतं, हे फत्तेसिंगला त्याच क्षणी समजलं. तरीही तो दुसऱ्या दिवशी बापूंच्या घरी गेला नाही, की तिसऱ्या दिवशीही नाही.

संक्रांतीनंतरच्या गुरुवारी धार-इंदूर रस्त्यावर घाटाबिल्लोदजवळ अपघात झाला. एका ट्रकला मागे टाकून बापू डाव्या बाजूला आले तेव्हापासून डावा इंडिकेटर लुकलुकतच होता. पुढच्या गल्लीतून एक दूधवाला मोटारसायकलवर निघत होता. ही गाडी गल्लीत वळणार असं धरून तो पुढे आला, आणि गाडी सरळ गेली. दूधवाल्याचं डावं मनगट मोडलं. दोन्ही कॅन कलंडून रस्ताभर दूध वाहिलं. जमलेल्या लोकांतलं कोणी तरी म्हणालं, "अंकल, इंडिकेटर बंद करना भूल गए थे क्या?" बापूंनी हो म्हटलं, हात जोडले, दूधवाल्याला आपल्याच गाडीतून दवाखान्यात नेलं.

ही बातमी संध्याकाळी गॅरेजवर पोचली. दोष ब्रेकचा निघेल या आशेने फत्तेसिंगने ब्रेक लागले होते का एवढंच विचारलं. लागले होते म्हणून कळल्यावर पुढे काही विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

नंतर दोन-अडीच महिने बापू त्याला दिसले नाहीत. तोही पोतनीसांच्या गल्लीतून जायचं टाळत राहिला. रंगपंचमी झाल्यावर एका दुपारी चारुलताच गॅरेजवर आली. शाळेतून थेट आली होती.

"फत्तेसिंगभिया, आमच्या गाडीला कोणी घेणारं बघाल का?" ती म्हणाली. मग स्टुलावर बसून तिने सगळं सांगितलं. अपघातानंतर तिने किल्ली काढून घेतली होती. बाबांचं लक्षात राहत नाही ही शंका एकदा मनात आली, आणि मग जिथे तिथे तेच दिसायला लागलं. चष्मा विसरले, दुधाखालचा गॅस विसरले. इंदूरच्या डॉक्टरांकडे नेलं, तर तिथे बापू इतके घाबरले की आजचा वार कोणता तेही त्यांना सांगता आलं नाही. गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी ते दिवसभर पेंगतात. गेल्या महिन्यात स्वतःहून म्हणाले की आता गणेश मंडळाची मंत्रपुष्पांजली दुसऱ्या कोणाला तरी द्या, मध्येच विसरलो तर शोभा होईल. चाळीस वर्षं ती त्यांच्याच आवाजात होत आली होती. चारुलता शाळेत गेल्यावर त्यांना घरात एकटं ठेवायची भीती वाटायची, म्हणून आता तिने त्यांना देवासला आत्याकडे नेऊन ठेवलं होतं.

"त्यांनी भांडावं असं वाटत होतं मला," चारुलता म्हणाली. "ते भांडलेच नाहीत. म्हणाले, तुझं बरोबर आहे."

फत्तेसिंगला तेव्हाच तोंड उघडता आलं असतं. त्याने चारुलताला एवढंच सांगितलं की गाडी तपासून ठेवतो, गिऱ्हाईक बघतो. ती गेल्यावर आपण पुन्हा तेच केलं हे त्याच्या ध्यानात आलं आणि आपल्याच गॅरेजमध्ये त्याला तोंड कुठे लपवावं ते कळेना.

त्याने इंदूरहून स्विच मागवला आणि तिसऱ्या दिवशी पोतनीसांच्या शेडमधल्या गाडीला बसवला. गल्लीला एक फेरी मारली. दांडी वळणानंतर आपोआप जागेवर आली. आता कोणाला कधी काही कळणार नव्हतं. गाडी विकली जाईल, बापू देवासला राहतील, गोळ्या चालू राहतील. चूक दुरुस्त झाली होती, आणि तिच्याबरोबर बापू विसरत नव्हते याचा एकमेव पुरावाही निघून आला होता. तो आता त्याच्या खिशात होता. जुना स्विच तसाच खिशात ठेवून त्याने चारुलताला फोन केला, की गाडी घेऊन देवासला बापूंकडे जाऊन येतो, एक काम आहे. ती चकित झाली, पण हो म्हणाली.

देवासला टेकडीच्या पायथ्याशी सावित्रीबाईंचं घर. तो पोचला तेव्हा अकरा वाजून गेले होते. बापू पुढच्या खोलीत खुर्चीवर होते. अंग उतरलेलं, दाढी वाढलेली. फत्तेसिंगला बघून त्यांचा चेहरा उजळला, पण लगेच संशयाने ते बहिणीकडे वळले. "हा फत्तेसिंगच ना, अक्का?" स्वतःच्या डोळ्यांवरही त्यांचा विश्वास राहिला नव्हता.

फत्तेसिंग जमिनीवर बसला. खिशातून स्विच काढून त्याने बापूंच्या समोर ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. वाटेत त्याने पुष्कळ वाक्यं जुळवली होती. घाई होती, सण होता, गर्दी होती. त्यातलं एकही तो बोलला नाही.

"तुम्ही विसरत नव्हता, बापू. गाडीच बंद करायची ते. माझ्या हातून दाता तुटला आणि मी लपवलं. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो."

बापूंनी स्विच उचलला. दांडी वरखाली करून पाहिली, तुटलेल्या जागेवर अंगठा फिरवला. हे चालतं कसं, ते विचारलं. फत्तेसिंगने हाताने स्टीअरिंग फिरवल्यासारखं करून समजावलं. नकाशे वाचण्यात हयात घालवलेला माणूस. एकदा सांगताच त्यांना समजलं. मग त्यांनी स्विच मांडीवर ठेवला.

"मी आरशात बघून स्वतःला नाव विचारत होतो रे," ते शेवटी म्हणाले. "रोज सकाळी."

सावित्रीबाई आतून पाणी घेऊन आल्या होत्या. त्यांनी तांब्या तसाच परत नेला. फत्तेसिंगला ते योग्यच वाटलं.

बापूंनी शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी बहिणीला चारुलताचा फोन लावायला सांगितला आणि तो फत्तेसिंगच्या हातात दिला. "हेच चारूला सांग. जसं मला सांगितलंस तसंच, एक शब्द कमी नको."

शाळेची मधली सुट्टी होती. मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. त्याने सगळं सांगितलं. तो शिव्यांची वाट बघत राहिला.

"मी कपाटावर चिठ्ठ्या लावल्यात, भिया," ती म्हणाली. "इथे साखर, इथे चहा. ते जेवून उठले की मी त्यांना विचारायची, बाबा, जेवलात ना तुम्ही? शेजारच्यांसमोर विचारायची." मग फोन बाबांना द्या, एवढंच ती कशीबशी म्हणाली.

बापलेकींचं काय बोलणं झालं ते त्याला कळलं नाही. तो उठून ओसरीत गेला होता. एका वाक्याने आपण एका शहाण्या माणसाला वेडा ठरवलं, हे त्याला ठाऊक होतं. त्या माणसाच्या मुलीलाही आपण आपल्यासारखंच मान खाली घालायला लावलं, हे मात्र त्याला आत्ताच कळलं होतं.

बापू बाहेर आले तेव्हा त्याने किल्ली पुढे केली. ती घेऊन बापू गाडीत जाऊन बसले. दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले. गाडी त्यांनी सुरू केलीच नाही. थोड्या वेळाने ते उतरले.

"मन धजत नाही," ते म्हणाले. "तू बसने जा. गाडी राहू दे इथे. आणि घाटाबिल्लोदला उतर. त्या दूधवाल्याचं मनगट अजून नीट वळत नाही. मी त्याची दोनदा माफी मागितली आहे. आता तुझी पाळी."

पुढे गोळ्या हळूहळू बंद झाल्या; डॉक्टरांनी पुन्हा तपासून वयाच्या मानाने उत्तम आहे असं सांगितलं. पावसाळ्याआधी बापू गाडी चालवायला लागले, आधी देवासच्या गल्ल्यांत, मग धारपर्यंत. मात्र मंत्रपुष्पांजली त्यांनी परत घेतली नाही, आणि गाडीचं काम ते दुसऱ्याकडे करू लागले. बाजारात भेटले तर 'काय जगदाळे, बरे आहात ना?' असं विचारतात. पूर्वी त्यांनी त्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

त्या दिवशी मात्र यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. फत्तेसिंग इंदूरला बस बदलून तीनच्या सुमारास घाटाबिल्लोदला उतरला आणि विचारत विचारत दूधवाल्याच्या घरी गेला. तो गोठ्यात होता. एका हाताने धार काढत होता, दुसरा नुसता बादलीला टेकवलेला. काम झाल्यावर बोलू, असं त्याने मालवी बोलीत सांगितलं आणि खाट दाखवली. फत्तेसिंग खाटेवर न बसता उभाच राहिला. पाच म्हशी होत्या, बराच वेळ लागणार होता. एकाच दिवसात तिसऱ्यांदा सांगायचं तर जीभ थोडी सरावलेली असेल, असं त्याला बसमध्ये वाटलं होतं. दूधवाला हात पुसत समोर आला, तेव्हा ती अजिबात सरावलेली नव्हती.