सात दिवसांची मुदत

शोएबला चाकणच्या कंपनीत कायम केल्याचं पत्र मिळालं, त्या आठवड्यात देहूरोडच्या त्यांच्या दोन खोल्यांत सगळेच जरा मोठ्याने बोलत होते. पाच वर्षं कंत्राटावर काढल्यावर आता पीएफ, बोनस आणि सगळ्या कुटुंबाला कंपनीचा मेडिक्लेम. ‘सगळ्या कुटुंबाला’ हे शब्द शोएबचेच. त्यामुळे घरच्या जुन्या विम्याचं काय करायचं, हा प्रश्न जेवता जेवताच सुटला. सरकारी विमा कंपनीची ती पॉलिसी त्याच्या वडिलांनी, अजीजभाईंनी काढली होती आणि त्यांच्या माघारी ती आईच्या, हसीनाबींच्या नावावर झाली होती. दोन-दोन ठिकाणी विमा कशाला, बंद करून टाक, असं शोएब बायकोला म्हणाला.

कागदपत्रांची कामं इफ्फतकडेच असायची. मंगळवारी दुपारी तिने विमा कंपनीचं पोर्टल उघडलं, सासूच्या मोबाईलवर आलेला ओटीपी विचारून घेतला आणि पॉलिसी रद्द करण्याचा अर्ज पाठवून दिला. सात दिवसांनी पॉलिसी बंद होईल, असं स्क्रीनवर आलं. तिने ते वाचलं आणि ती भाजी फोडणीला टाकायला उठली.

शुक्रवारी शोएबने नवी कार्डं आणली. तीन होती. त्याचं, इफ्फतचं आणि लहानग्या उझ्माचं. इफ्फतने पाकीट उलटं करून झटकलं. मग सोबतचं पत्र नीट वाचलं. कुटुंब म्हणजे कामगार, पत्नी आणि दोन मुलं. आईवडील त्यात नव्हते.

हसीनाबी चौसष्ट वर्षांच्या. ब्लडप्रेशर होतं, साखर होती. जुन्या पॉलिसीला सहा वर्षं झाल्यामुळे हे आजारही तिच्यात धरले जात होते. नवी काढायची तर त्यासाठी पुन्हा काही वर्षं थांबायचं, आणि या वयात ती कोणी देईल का, हाही प्रश्नच. शोएबला सांगितल्यावर त्याने ते पत्र पुन्हा वरपासून वाचलं. पोर्टलवर अर्ज मागे घ्यायची सोयच नव्हती. हेल्पलाइनवरच्या मुलीने सांगितलं की ऑफिसात लेखी अर्ज द्यावा लागेल, त्यावर पॉलिसीधारकाची सही लागेल, आणि ऑफिस आता सोमवारी उघडेल.

सही म्हणजे हसीनाबींची. म्हणजे त्यांना सांगणं आलं. अम्मींना आत्ताच कशाला घोर लावायचा, सोमवारी सकाळी सांगू, असं नवराबायकोने ठरवलं. तेव्हापासून इफ्फतचे कान सासूच्या श्वासावर लागले. त्या जिना चढून आल्या की ती हातातलं काम थांबवायची. त्या खोकल्या की दाराशी येऊन बघायची. दोन दिवस, फक्त दोन दिवस नीट जाऊ देत, एवढंच ती मनात घोकत होती.

रविवारी सकाळी शोएब ओव्हरटाइमला गेला. दुपारी हसीनाबी मेथी निवडायला बसल्या होत्या. इफ्फत पाणी द्यायला गेली, तर जुडी तशीच पडलेली, आणि पंखा चालू असूनही सासूच्या कपाळावर घाम. डावा हात त्यांनी उजव्या हाताने दाबून धरला होता.

“पित्त हाय,” त्या म्हणाल्या. त्या मावळातल्या खेड्यात वाढलेल्या, बोली अजून तिकडचीच होती.

इफ्फतने रिक्षा बोलावते म्हटलं, तर त्यांनी तिचा पदर धरला.

“न्हाई जायचं. माझं कार्ड न्हाई आता.”

इफ्फत त्यांच्याजवळ बसली, तेव्हा एकेक कळत गेलं. मंगळवारी पॉलिसी बंद करण्याचा मेसेज हसीनाबींच्याच फोनवर आला होता. तो त्यांनी शेजारणीकडून, दिव्याकडून वाचून घेतला होता. शुक्रवारी पाकिटातून तीनच कार्डं निघालेली त्यांनी दारातून पाहिली होती. छातीत दुखायला लागलं तेही शुक्रवारीच. पोरं आपल्यापायी दवाखान्यात लुटली जातील म्हणून त्या तीन दिवस दात आवळून गप्प होत्या.

“अम्मी, माझी चूक झाली,” इफ्फत म्हणाली. “पण आता उठा.”

उझ्माला दिव्याकडे ठेवून ती त्यांना चिंचवडच्या हॉस्पिटलात घेऊन गेली. ईसीजी काढल्यावर डॉक्टरांनी लगेच दाखल करून घेतलं. उद्या अँजिओग्राफी करू, ब्लॉक असणारच, असं ते म्हणाले. काउंटरवरच्या माणसाने पॉलिसी नंबर टाकला आणि कपाळाला आठ्या घातल्या. पॉलिसी चालू दिसतेय, पण रद्द होण्याच्या मार्गावर आहे, वरून विचारून सांगतो, एवढंच तो बोलला. कामावरून धावत आलेल्या शोएबने आईकडून अर्जावर सही घेतली. सलाईन लावलेल्या हाताने हसीनाबींनी उर्दूत एकेक अक्षर सावकाश काढलं.

सोमवारी ऑफिस उघडायच्या आधीच इफ्फत दारात उभी होती. निघताना शोएबने तिला बजावलं होतं की आजाराचं तिथे काही बोलू नकोस. ते काम कौशल्या मॅडमकडे होतं. त्यांनी एक फॉर्म पुढे केला. त्यात एक रकाना होता : विमाधारकांपैकी सध्या कोणी आजारी आहे का?

पेन तिथे थांबलं. ‘नाही’ लिहिलं की विषय संपला. ‘होय’ लिहिलं आणि यांनी अर्ज नाकारला, तर सासूला आपणच मारलं असं होईल. पण काल दाखल केल्याची नोंद हॉस्पिटलकडून याच विमा कंपनीकडे गेलेली होती. आणि आपल्या गप्प राहण्याने तीन दिवसांत काय केलं, हे तिने काल पाहिलं होतं. तिने ‘होय’ लिहिलं, खाली हॉस्पिटलचं नाव लिहिलं.

कौशल्या मॅडमनी वाचलं, चष्मा काढला आणि कागद घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. इफ्फत बाकावर बसून राहिली. जेवणाची सुट्टी झाली, संपली. हॉस्पिटलमधून शोएबचे फोन येत होते. दोन ब्लॉक निघाले होते, डॉक्टर विमा कंपनीच्या होकाराची वाट बघत होते. चार वाजता मॅडमनी तिला बोलावलं.

“मुदत उद्या संपणार होती. त्याआधी आलात म्हणून पॉलिसी चालू ठेवलीय,” त्या म्हणाल्या. “खोटं लिहिलं असतं, तर साहेबांनी सही केली नसती. हॉस्पिटलचा कागद सकाळीच आलाय त्यांच्याकडे.”

जिना उतरता उतरताच इफ्फतने शोएबला फोन लावला.

मंगळवारी हसीनाबींना दोन स्टेंट बसवले. बुधवारी वॉर्डात इफ्फत त्यांना पेज भरवत होती. तिने घडलं ते सगळं सांगितलं आणि पुन्हा कधी काही लपवायचं नाही असं वचन मागितलं. हसीनाबींनी पेजेचा घोट गिळला. मग हळूच विचारलं, “कार्ड चालू हाय ना नक्की?”

“चालू आहे, अम्मी.”

“मग सांगते. डाव्या डोळ्यानं मला काई दिसत न्हाई. दिवाळीपासनं.”