आधी चिप, मग लस

बोका हा कुत्रा आहे, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो. पिल्लू असताना तो दुधाची वाटी चाटूनपुसून गादीवर अंग मुडपून झोपायचा, म्हणून माझ्या धाकट्या भावाने त्याचं हे नाव ठेवलं. भाऊ नोकरीसाठी परदेशी निघाला तेव्हा म्हणाला, "ताई, सहा महिने सांभाळ. बस्तान बसलं की नेतो." त्या सहा महिन्यांची सहा वर्षं झाली. पहिल्या वर्षी मी रोज कडाकडा बोलायचे. घरभर केस, चिखलाचे पाय, कुरतडलेल्या चपला. नंतर बोलणं तेवढं राहिलं, त्यातला राग कधी गेला ते कळलं नाही.

मी लग्न केलं नाही. एकतीस वर्षं नोंदणी कार्यालयात अर्ज तपासायच्या टेबलावर बसले. तारीख चुकली, सही राहिली की अर्ज परत. गयावया करणाऱ्यांचं मी ऐकून घेत नसे. लोक पाठीमागे मला 'कात्री' म्हणत, हेही मला ठाऊक होतं. निवृत्त झाल्यावर घरात बोलायला बोक्याशिवाय कोणी नव्हतं. सकाळी सहाला तो पलंगाच्या कडेवर हनुवटी टेकून माझ्याकडे बघत बसायचा. मी उठेपर्यंत हूं नाही की चूं नाही.

गेल्या वर्षी भावजयीचा फोन आला. "ताई, ह्यांना हल्ली बरं नसतं. यकृताचं दुखणं निघालंय. औषधं चालू आहेत, काळजी करू नका. पण बोक्याला पाठवा म्हणतात. नुसता धोशा लावलाय."

मागून भाऊ ओरडला, "ताईच्या हातून कागद चुकला तर सूर्य पश्चिमेला उगवेल! बघशील तू, वेळेवर येतो की नाही माझा कुत्रा!"

मी हसून हो म्हटलं. फोन ठेवला आणि मला संताप आला. सहा वर्षं आंघोळी मी घातल्या, तापात उशाशी मी बसले, आणि आता म्हणे माझा कुत्रा. भावाच्या दुखण्याचा विचार त्यानंतर आला. हा क्रम मी लपवत नाही.

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टर जेमतेम तिशीची होती. तिने कागदावर लिहूनच दिलं. "काकू, आधी चिप, मग रेबीजची लस. लसीनंतर रक्ताची तपासणी वगैरे धरून चार महिने थांबायचं, मगच विमान."

"आधी चिपच का?"

"लस ह्याच कुत्र्याला दिली कशावरून? चिपचा नंबर यंत्राने वाचून लसीच्या दाखल्यावर लिहावा लागतो. त्याआधीची लस तिकडे धरतच नाहीत."

मला हे दोनदा सांगायची गरज नव्हती. असल्याच गोष्टींवर माझी नोकरी झाली होती.

चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी. ती मानेमागे कातडीखाली सरकवतात. दाणा बारीक असला तरी सुई चांगलीच जाड होती. स्टीलच्या टेबलावर बोका थरथरत होता आणि त्याने तोंड माझ्या काखेत खुपसलं होतं.

"आज नुसती लस द्या," मी म्हणाले. "चिपचं पुढच्या आठवड्यात बघू. घाबरलाय तो."

"काकू, मग ही लस फुकट जाईल. पुन्हा द्यावी लागेल. चिपला एक मिनिटही लागत नाही."

"कळतं मला. द्या तुम्ही."

तिने लस टोचली. बोका घाबरला होता हे खरं आहे. पण तो नखं कापतानाही घाबरायचा, आणि तेव्हा मी त्याला घट्ट धरून ठेवत असे.

पुढच्या आठवड्यात चिप बसवली. तो साधा कण्हलाही नाही. डॉक्टर म्हणाली, थोड्या दिवसांनी लसीला नक्की या. मी गेले नाही. रक्त मात्र दुसरीकडे तपासून घेतलं आणि कागद तसेच तिकडच्या परवाना कार्यालयाकडे पाठवून दिले. लसीची तारीख पाच, चिपची बारा. माझ्या टेबलावर असा अर्ज आला असता तर मी मान वर न करता परत ढकलला असता. भावजयीला कळवलं, "कागद गेले." त्यात खोटं काहीच नव्हतं.

दोन महिन्यांनी ते परत आले. चिपच्या आधीची लस ग्राह्य नाही, सगळं नव्याने करा. मी पत्र वाचलं आणि मला बरं वाटलं. दोन महिने गेले असं नाही, दोन महिने मिळाले असं वाटलं. मग मुकाट्याने पुन्हा लस दिली आणि चार महिने मोजायला लागले.

दर रविवारी भाऊ फोनवर दिसायचा. दर वेळी थोडा बारीक. "डाएट चाललंय," म्हणायचा. त्याचा आवाज ऐकला की बोका कान टवकारायचा आणि फोनकडे न बघता थेट दाराशी जाऊन बसायचा. भाऊ विचारायचा, "कुठाय तो? दिसत नाही." मी म्हणायचे, "झोपलाय." तू कितपत आजारी आहेस, हे मी त्याला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

मुदतीचे तेवीस दिवस उरले असताना भाऊ गेला. क्रम बरोबर ठेवला असता तर बोका दीड महिना त्याच्याजवळ असता.

पंधरवड्याने दुपारी भावजयीचा फोन आला. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "शेवटी शेवटी खाटेजवळची खुर्ची हलवायला लावली त्यांनी. म्हणाले, बोक्याला जागा नको का? मी म्हटलं, फार उशीर लागतोय हो. तर म्हणाले, ताई कागदाची पक्की आहे, एकेक तपासून पाठवणार, उशीर होणारच."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि ताई, बोक्याला आता तुमच्याकडेच राहू दे. ह्यांनीच सांगून ठेवलंय. म्हणाले, मी मागितला खरा, पण ताई एकटी आहे, तिला त्याच्याशिवाय करमायचं नाही."

बोका पायाशी झोपला होता. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते भावानेच दिलं होतं.

"पण ताई," तिने विचारलं, "नक्की अडलं कुठे हो?"

सांगायचं तर हीच वेळ होती. ती चिडली नसती, निदान ओरडली तरी नसती. मी तोंड उघडलं.

"त्यांचे नियम असतात," मी म्हणाले. "तारखांचा घोळ झाला."

"हो ना," ती म्हणाली. "तुम्ही तरी काय करणार, ताई."