भिंगरीसाठी पत्ता

"इथं टायर मिळतात हो," पलीकडचा माणूस वैतागून म्हणाला. "मुलांचं काही नाही. या महिन्यात तुम्ही चौथे! त्या कागदावरून आमचा नंबर खोडायला सांगा की कुणाला तरी."

"माफ करा," म्हणून मीटरवाल्याने फोन ठेवला आणि गल्लीच्या कोपऱ्यावर उभ्याउभ्याच कागदावर फुली मारली. कागद रुग्णालयातल्या बाईंनी दिलेला. वर लिहिलं होतं, 'विशेष मुलांच्या पालकांसाठी संस्था', आणि खाली आठ नंबर. दोन लागत नव्हते, एक नुसता वाजत राहायचा. एका ठिकाणी सहा वर्षांच्या आतलीच मुलं घेत होते, एक संस्था दुसऱ्या गावी गेली होती, एकीने 'कळवू' म्हणून नाव लिहून घेतलं त्याला पाच आठवडे झाले. आणि आता हे टायर. त्याने आठवा लावला. तो अस्तित्वातच नव्हता.

मग त्याने घरी फोन लावला. सकाळपासून तिसऱ्यांदा. बायकोने उचलला नाही.

बावीस वर्षं तो घरोघरी पाण्याची मीटरं वाचत होता. कुत्री चावली, माणसं खेकसली, पण कामाच्या वेळात तो असा घरी फोन लावत कधी बसला नव्हता. त्याची मुलगी नऊ वर्षांची. बोलत नसे, आनंद झाला की स्वतःभोवती गरगर फिरायची, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. मागच्या गुरुवारी ती दार उघडून सटकली आणि भर रस्त्यात, गाड्यांच्या मधोमध, अशीच फिरताना सापडली. दुसऱ्या दिवशी शाळेने सांगून टाकलं, "आम्हाला झेपत नाही. सोमवारपासून आणू नका."

हे सगळं त्याने पचवलं होतं. पचत नव्हतं ते बायकोचं वाक्य. आज डबा भरताना ती सहज बोलावं तशी बोलली होती, "कधीकधी वाटतं, दोघींनी कुठंतरी निघून जावं." त्याने विचारलं नाही, कुठं. बस चुकेल म्हणून निघाला. आणि आता फोन उचलला जात नव्हता.

अजून एकतीस घरं बाकी होती. त्यातून हा भाग त्याचा नव्हता, रजेवर गेलेल्या सहकाऱ्याचा. त्याने पुढच्या घराची बेल दाबली.

आतून कडी निघाल्याचा आवाज आला, मग दुसरी, अगदी वरची. पन्नाशीच्या बाईंनी दार उघडलं. "मीटर मागच्या अंगाला आहे. स्वयंपाकघरातून या. तिच्याकडे बघू नका हं, बिचकते."

'ती' म्हणजे विशीची उंचपुरी मुलगी. कानांवर आवाज अडवणाऱ्या जाड टोप्या चढवून जमिनीवर बसली होती आणि रंगीत बटणं एकेका वाटीत टाकत होती. फ्रिजवर चित्रं ओळीने चिकटवलेली: ब्रश, फ्रॉक, ताट, चपला. मीटरवाल्याने आकडा वाचला, पुन्हा वाचला, लिहिला आणि खाली मान घालून बाहेर पडला. लोकांच्या घरातलं बघायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही, हा त्याच्या नोकरीचा पहिला धडा.

शेजारच्या फाटकापर्यंत गेला. तिथून परत फिरला.

"आकडा चुकला का?" बाईंनी विचारलं.

"नाही. ताई, ती वरची कडी... मुलगी केवढी असताना लावलीत?"

बाईंनी त्याला नीट न्याहाळलं. "सात वर्षांची. तुमचं केवढं?"

"नऊ. मुलगी. मी परवा बसवली."

"बोलते?"

"नाही."

"पळते?"

त्याने मान डोलावली आणि खिशातला कागद पुढे केला. बाई हसल्याच. "हा का! मलाही दिला होता, तेरा वर्षांपूर्वी. फोन लावून लावून बोट झिजलं. संस्था नाही मिळाली, पण माझ्यासारखीच वणवण करणारी एक बाई मिळाली. मग तिसरी. आता अकरा घरं आहोत. शनिवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमतो."

"म्हणजे तिथं शिकवतात?"

"कोण शिकवणार? कुठली शाळा खरंच घेते, कुठला डॉक्टर अंगावर ओरडत नाही, अपंगत्वाच्या दाखल्याला कुठल्या खिडकीवर जायचं, ते एकमेकांना सांगतो. मुलं आळीपाळीनं सांभाळतो. आम्हाला ना पाटी, ना शिक्का, मग कागदावर कुठून येणार? मुलीला घेऊन या. आणि मुलीच्या आईला तर आधी आणा."

"ती सकाळपासून फोन उचलत नाही," तो एकदम बोलून गेला.

बाईंचा चेहरा बदलला. "मग इथं काय उभे राहिलात? जा आधी!"

बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याने घरं अर्धवट टाकली. रिक्षात त्याचे पाय आपोआप पुढे रेटले जात होते. घराचं दार आतून बंद. त्याने ठोठावलं, हाक मारली, मग दोन्ही हातांनी दार बडवलं. बऱ्याच वेळाने वरची कडी निघाली. बायको नखशिखान्त भिजलेली, मागे भिंगरी ओल्या फरशीवर गिरक्या घेत होती.

"अहो, काय झालं? एवढी धाप का लागलीय?"

"फोन..."

"बादलीत टाकला तिनं. आणि मोरीतून बाहेर यायलाच तयार नव्हती."

तो उंबऱ्यातच बसला. मग म्हणाला, "तू सकाळी म्हणालीस, दोघींनी निघून..."

बायको फडकं पिळत राहिली. त्यातलं पाणी कधीच संपलं होतं. "रोज म्हणते, मनात. आज तोंडातून गेलं एवढंच."

त्याने तिच्या हातातून फडकं काढून घेतलं. "शनिवारी एके ठिकाणी जायचंय."

"आणखी एक नंबर?"

"नंबर नाही. बाई आहे."

शनिवारी वाचनालयाचा जिना चढताना बायकोने तीनदा विचारलं, "ओरडली तर?" आणि भिंगरी ओरडलीच. छतावरचा पंखा घरघरत होता. तो ऐकताच तिने कानांवर हात दाबले आणि दारातच आडवी पडून किंचाळू लागली. दोघं सवयीने एकदमच बोलायला लागले, "माफ करा, ती जरा..."

कुणी वळून बघितलं नाही. एका आजोबांनी आपले पाय बाजूला घेतले, एका आईने उठून पंख्याचं बटण बंद केलं आणि परत आपल्या जागी जाऊन बसली. मीटरच्या घरातल्या बाई भिंगरीजवळ दारात फतकल मारून बसल्या आणि बायकोला म्हणाल्या, "तुम्ही आत जाऊन टेका. दार माझ्याकडे."

चांगली बातमी तिथेही नव्हती. जी शाळा घ्यायची, तिथे दोन वर्षांची रांग होती. बायको भिंतीला पाठ लावून बसली, आणि मुलीला धरून नसलेले हात मांडीवर कसे ठेवावेत ते तिला काही केल्या उमगेना.

भिंगरी हळूहळू शांत झाली, उठली, खोलीच्या मधोमध जाऊन फिरू लागली. बाहेर रणरणतं ऊन होतं. अकरा घरांची माणसं घामाने निथळत बसली होती, वह्यांनी वारा घेत होती. पंखा लावा, असं शेवटपर्यंत कुणी म्हटलं नाही.